स्वच्छ प्रत

सोमवार, ४ मार्च

आज एक मुलगी घरी आली आणि माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीला खोटं म्हणून गेली. चहा पिऊन गेली, हे विशेष.

वकील आहे म्हणे, पण उभी कोर्टात कमी आणि रेकॉर्ड रूममध्ये जास्त राहते. समलिंगी आणि ट्रान्स लोकांना मारहाण होते, खून पडतात, तेव्हा पोलीस काय लिहून घेतात आणि कोर्ट काय निकाल देतं, यावर तिचं संशोधन चाललंय. आमच्या कोर्टाचे जुने एक्केचाळीस खटले तिने काढलेत. अंगाने बारीक, बसते ताठ, आणि तोंड उघडलं की टोचते. मी मनातल्या मनात तिचं नाव टाचणी ठेवलं.

"मॅडम, या सगळ्या साक्षी एकाच माणसाने दिल्यासारख्या वाटतात," ती म्हणाली. "मेलेल्या मुलाची आई काय आणि मारणारा काय, सगळ्यांची एकच भाषा. 'अश्लील शिवीगाळ केली. वादावादी झाली.' संपलं!"

"कोर्ट आहे ते, नळावरचं भांडण नव्हे. तिथे शुद्ध भाषा लागते."

"शुद्ध आहेच. खरी आहे का, एवढंच विचारायला आले."

मी तिला सगळी पद्धत समजावून सांगितली. साक्षीदार बोलतो. न्यायाधीश त्यातलं महत्त्वाचं निवडून सांगतात. मी लघुलिपीत घेते आणि संध्याकाळपर्यंत टाइप करते. आमचे साहेब म्हणायचे, बाईंची प्रत म्हणजे धुऊन इस्त्री केलेली चादर. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला लघुलिपी शिकवणाऱ्या सिस्टर एका शाईच्या डागासाठी पूर्ण पान फाडायला लावत. हे सगळं तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि लघुलिपीच्या वह्या?"

नियमाप्रमाणे तीन वर्षांनी नष्ट करतात, माझ्या सहीचा दाखला आहे, असं सांगितलं. ती यादी ठेवून गेली. एकेक खटला तपासून तिचे दात तिच्याच घशात घालणार आहे मी.

वह्या माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत. सगळ्याच्या सगळ्या. अक्षर इतकं सुंदर होतं, फाडवेना. हे इथे लिहायला हरकत नाही. डायरी कोण वाचतं?

गुरुवार, ७ मार्च

एक्केचाळीसपैकी एकोणीस खटले आमच्या साहेबांसमोर चाललेले निघाले. म्हणजे माझ्या हातचे. ट्रंक ओढून काढताना कमरेत उसण भरली. ताईने दारात उभं राहून सूचना केल्या, मदत नाही. वय शहात्तर, कान गेलेत, तोंड शाबूत.

माझी लघुलिपी माझ्याशिवाय कोणाला वाचता यायची नाही. पुस्तकातल्या खुणांना मी माझे आखूड रस्ते काढलेत, त्यामुळे वेग एवढा होता की साहेब काय निवडतील याची वाट न बघता मी सगळंच उतरवून घ्यायची. साक्षीदाराचं, वकिलांचं, शिपायाची शिंक सोडून सगळं. नंतर साहेबांनी सांगितलेला सारांश टाइप करायचा.

एक गंमत दिसली. शिव्यांना पुस्तकात खूणच नाही. सिस्टर कशाला शिकवतील! त्यामुळे तिथे मी एकेक आवाज फोडून काढलाय. नाजूक ओळींमध्ये मध्येच हे मोठे ओबडधोबड गोळे. पान उघडलं की आधी तेच दिसतात, पांढऱ्या साडीवर चिखल उडावा तसे.

ताईने यादीवरून बोट फिरवत विचारलं, "ह्यात आपला धाकटा भाऊ असता का गं?"

"धाकट्याचा काय संबंध? तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला."

"हो, डोक्याला सात टाके घेऊन गेला."

"सायकलवरून पडला होता तो!" मी ओरडून सांगितलं. ओरडूनच सांगावं लागतं. ती स्वयंपाकघरात गेली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी उकरायला हिला बरोबर ऐकू येतं.

मंगळवार, १२ मार्च

सोळा खटले झाले. टाचणीचं एका बाबतीत खरं आहे, साक्षी छोट्या आहेत. पण साहेबांनी सारांश सांगितला, मी लिहिला. त्यात खोटं काय? गव्हातले खडे काढले म्हणजे गव्हाची चोरी होत नाही.

आज सतरावा. हा मला थोडाफार आठवतो. एक शिंपी, बायकांचे कपडे घालून राहणारा. बारा वर्षांपूर्वी संध्याकाळी त्याच्या दुकानात तिघे शिरले, भांडण झालं आणि याने एकाच्या मानेजवळ कात्री खुपसली. माणूस वाचला. शिंप्याला खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षं. चौदा महिने आत काढल्यावर वरच्या कोर्टात अपील दाखल होऊन जामीन मिळाला. ते अपील इतक्या वर्षांनी आता सुनावणीच्या बोर्डावर आलंय, १० एप्रिलला. फेटाळलं तर उरलेली वर्षं आत.

टाचणीने यादीच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय, 'घटनेनंतर ही जखमी अवस्थेत स्वतःच आधी पोलिसांत गेली होती. तक्रार घेतली नाही. "तुझी कसली अब्रू?" असं विचारलं. रॉकेल-पेट्रोल काही होतं का? दुकानाच्या पंचनाम्यात एक बाटली दिसते, जप्त नाही.'

बाटली. उद्या वही बघते.

बुधवार, १३ मार्च

सकाळी नऊपासून बसले होते, जेवायचं राहिलं.

स्वतःच्या बचावासाठी शिंपी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला होता. टाइप केलेल्या प्रतीत त्याची साक्ष अशी: 'तिघे दुकानात आले. त्यांनी अश्लील शिवीगाळ केली. त्यामुळे मला राग आला. मी कात्री मारली. वाचून दाखवले, बरोबर असल्याचे मान्य.'

वहीत हीच साक्ष पावणेचार पानं आहे.

तिघांनी आत येऊन शटर ओढलं. दोघांनी केस धरून गुडघ्यावर बसवलं. तिसऱ्याने बाटलीतलं पेट्रोल मांडीवर ओतलं आणि लायटर काढला. तो जे बोलला ते वहीत आहे, ओबडधोबड गोळ्यांत, पाच ओळी. ते शब्द मी इथेही लिहिणार नाही. त्या पाच ओळींतच पेट्रोल आहे, तिथेच लायटर आहे, तिथेच जाळीन म्हणणं आहे. पुढे: 'मी थरथरत होते. हाताला कात्री लागली. डोळे मिटून मारली.'

राग कुठेही नाही. तीन वेळा शोधला.

निकालात मात्र आहे. 'आरोपीने राग आल्याचे स्वतःच मान्य केले आहे, सबब स्वसंरक्षणाचा मुद्दा टिकत नाही.'

साहेबांनी असा सारांश सांगितला? ज्या माणसाला मी एकतीस वर्षं देवमाणूस म्हणत आले त्याने? टाचणी बरोबर निघाली याचा राग येतोय की साहेब असे निघाले याचा, कळत नाही. शुक्रवारी त्यांच्या तोंडावर वही आपटून विचारणार आहे. निवृत्तीनंतर कोणी कोणाचं साहेब नसतं.

शुक्रवार, १५ मार्च

साहेब बागेत पाइपने झाडांना पाणी घालत होते. मला बघून इतके आनंदले की क्षणभर वही पर्समध्येच राहू द्यावी असं वाटलं. मग काढली. वाचली, शिव्या गाळून. आणि म्हटलं, "साहेब, ह्याचा तुम्ही तीन ओळींत सारांश सांगितलात?"

ते बराच वेळ एकाच कुंडीत पाणी सोडत राहिले. मग नळ बंद केला.

"बाई, तारीख कुठली म्हणालात?"

मी सांगितली.

"त्या आठवड्यात माझा घसा पार बसला होता. कुजबुज सोडून आवाज निघत नव्हता. सारांश मी सांगितलाच नाही. सकाळचं पान बघा."

मी वहीत त्या दिवशीच्या दुपारच्या कामकाजापासूनच वाचलं होतं. पान मागे उलटलं. माझ्याच हाताने, माझ्याच सुबक खुणांनी लिहिलेलं: 'साहेब: बाई, आज मला बोलवत नाही. साक्षीदार बोलतील तसंच्या तसं टाइप करा.'

"निकाल मी आठ महिन्यांनी लिहिला," साहेब म्हणाले. "समोर तुमची प्रत होती. तुमच्या प्रतीवर मी कधी शंका घेतली नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

फाटकापर्यंत सोडायला आले. "तुम्ही वह्या नष्ट केल्याचा दाखला दिलाय. खाली माझी सही आहे. दोघांनी या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का? झालं गेलं. जाळून टाका त्या वह्या."

जाळून, म्हणाले. मी "बघते" म्हटलं. बघते!

शनिवार, १६ मार्च

अश्लील शिवीगाळ केली. हे माझं वाक्य आहे. साहेबांचं नाही, कायद्याचं नाही. माझं. तोंडात साबण घालून चूळ भरायला लावत सिस्टर आम्हाला, वाईट शब्द गेला तर.

एकोणीसपैकी चौदा खटल्यांत आहे.

सोमवार, १८ मार्च

काही नाही. टाचणीचा फोन दोनदा आला. घेतला नाही. ताईला सांगितलं, विचारलं तर बाजारात गेलेय म्हणून सांग. ताई फोनवर समोरचं न ऐकताच म्हणाली, "ती बाजारात गेलेय असं सांग म्हणालीये."

बुधवार, २० मार्च

पडदे आखूड करायचं निमित्त काढून त्या दुकानात गेले. पडदे अगदी बेताच्या लांबीचे होते.

दुकान तीन माणसं उभी राहतील एवढं. शटरच्या दोन्ही बाजूंना जाड बोल्ट मारलेत आणि वरून साखळी. ते खाली येऊच शकत नाही. वारा, धूळ, कुत्री, सगळं आत. मशीनवर पंचेचाळिशीची बाई, चष्मा दोरीने गळ्यात, तोंडात टाचण्या.

"शटर लावत नाही?" मी विचारलं.

टाचण्या काढून ती म्हणाली, "उघडंच बरं. चोर आत डोकावतो, माझी मशीन बघतो आणि दया येऊन निघून जातो." मग पडदा मापून तिने माझ्याकडे पाहिलं. "बाई, चार बोटं कापली तर खालून बाहेरचे पाय दिसतील. कशाला नासताय कापड?"

"मला पाय बघायचेत," मी म्हटलं. दुसरं सुचेना.

ती खळखळून हसली. "मग ठीक. गिऱ्हाईक म्हणेल ते."

शिवताशिवता बोलत होती. पुढच्या महिन्याची कामं घेत नाही म्हणाली. का, विचारलं. "दहा तारखेला कोर्टात जायचंय. गेले तर परत येईन की नाही ठाऊक नाही. लोकांचं कापड अडकायला नको." जसं दाताच्या डॉक्टरकडे जायचंय.

"काही खोटंनाटं केलं होतं का तुमच्यावर?" स्वतःचाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

"खोटं कसं म्हणू, बाई? कागदावर माझी सही आहे. मला राग आला म्हणून मारलं, असं मीच बोलले म्हणे. आता इतकी वर्षं वकिलांनी वाचून दाखवलं, पोलिसांनी वाचून दाखवलं, की मलाही वाटतं, बोलले असेन. रागाचं तेवढं आठवत नाही. वास आठवतो."

कसला वास, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. पावणेचार पानं भरून ठाऊक होतं.

'वाचून दाखवले, बरोबर असल्याचे मान्य.' हे वाक्य मी न बघता टाइप करायची, पत्राखाली 'आपली' लिहावं तसं. कोणालाही काहीही वाचून दाखवत नसत. पाच वाजलेले असत, बस चुकायची.

पडदे घेऊन आले. खालून खरोखरच पाय दिसतात.

शुक्रवार, २२ मार्च

टाचणीला बोलावून सगळं सांगितलं. ती बोलेल, टोचेल, अशी तयारी ठेवली होती. तिने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "मॅडम, हे मी तुमच्याकडून ऐकलंच नाही असं अजूनही करता येईल. तुम्ही खोटा दाखला दिलाय. तुमच्यावर खटला होऊ शकतो. पेन्शन थांबू शकते. आज रात्रभर विचार करा."

"मी विचार करून करून पडदे कापून आलेय," मी म्हटलं.

तिला काही कळलं नाही, पण तिने कागद काढला. प्रतिज्ञापत्र मी सांगितलं, तिने लिहिलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं उतरवून घेत होतं. एका ठिकाणी तिने 'अनवधानाने' लिहिलं. खोडायला लावलं. अनवधानाने माणूस छत्री विसरतो. मी पूर्ण शुद्धीत साफसफाई केली.

त्या चौदाही खटल्यांच्या वह्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. सतराव्या खटल्याची वही कोर्टात जमा होणार. अडचण एकच: ती मीच वाचू शकते. म्हणजे वरच्या कोर्टात, उघड्या सुनावणीत, ते शब्द मला माझ्या तोंडाने उच्चारावे लागणार.

"जमेल ना?" टाचणीने विचारलं.

मी म्हटलं, न जमायला काय झालं. आणि तिच्यासाठी ठेवलेलं पाणी मीच पिऊन टाकलं.

मंगळवार, २६ मार्च

तालीम. ताई आंघोळीला गेल्यावर स्वयंपाकघराचं दार लावून ओट्यासमोर उभी राहिले. पहिला शब्द तोंडातून 'छ' च्या पुढे जाईना. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि कानात सिस्टरच्या बुटांची टकटक. चौथ्या प्रयत्नात निघाला, पण प्रार्थना म्हटल्यासारखा.

मागून ताई म्हणाली, "असं नाही म्हणत गं ते. पहिल्या अक्षरावर जोर दे."

ओल्या केसांनी उभी होती. कधीपासून, देव जाणे. नको ते हिला बरोबर ऐकू येतं.

"तुला कसं ठाऊक?"

"आपल्या गल्लीत रोज ऐकायचे. तूही ऐकायचीस, फक्त खिडकी लावून घ्यायचीस." ती स्टुलावर बसली. "म्हण परत. मोठ्याने. मला ऐकू आलं पाहिजे, तर न्यायाधीशाला येईल."

मग आम्ही दोघी म्हाताऱ्या पाऊण तास एकमेकींना शिव्या देत बसलो. शेवटी तिला हसू आवरेना आणि मला रडू. बाजूच्या सूनबाईने भिंतीवर दोनदा ठोकलं.

मंगळवार, २ एप्रिल

बातमी फुटली. प्रतिज्ञापत्र दाखल केलं की समोरच्याला प्रत द्यावीच लागते. हे मी हजारदा टाइप केलंय आणि तरी मला सुचलं नव्हतं.

अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात चाळिशी ओलांडलेला माणूस, कडक इस्त्री, हातात फळांची टोपली. कॉलरच्या वर मानेवर जाड पांढरा व्रण. आता मोठा कंत्राटदार आहे, निम्म्या शहराचे रस्ते त्याचे.

"मावशी, आत येऊ?"

"मी तुमची मावशी कधी झाले? माझ्या बहिणींनी मला न सांगता मुलं केली का?"

हसला आणि आला. बसला. घर छान आहे म्हणाला. पडदे आखूड झालेत म्हणाला. मग म्हणाला, "तेव्हा आम्ही पोरं होतो. दारू प्यायलेलो. मस्करी होती हो. आता माझी मुलगी लग्नाची आहे."

"मस्करीला पेट्रोल किती लागतं?"

तो उठून स्वयंपाकघराच्या दारापाशी गेला. आत ताई पाठमोरी भाजी चिरत होती. तिला कोणी आल्याचंही कळलं नव्हतं.

"ह्यांना ऐकू येत नाही ना? आणि वासाचं कसं आहे? गॅस चुकून चालू राहिला तर कळतं का त्यांना?" फार काळजीने विचारलंन. "दहा तारखेला तब्येत बिघडली म्हणून सांगितलंत तर कोणी तुम्हाला दोष देणार नाही, मावशी."

फळं तशीच ठेवून गेला. मी जिभेवर आलेलं काहीच बोलले नाही. हेही लिहून ठेवते. आयुष्यभर तोंडाळ म्हणून मिरवले आणि वेळेला वाचा बसली. शिंपीणबाई गुडघ्यावर बसून निदान कात्री तरी शोधू शकली.

टाचणीला फोन केला. तिने पोलिसांत अर्ज दिला. तिथे विचारलं म्हणे, "फळं दिली, त्यात धमकी कसली?" पावती मात्र तिने सोडली नाही.

फळं ट्रंकेवर ठेवलीयेत, हात लावलेला नाही. ताई म्हणते, फळांचा काय दोष?

शुक्रवार, ५ एप्रिल

ताईला टाचणीच्या आईकडे पाठवायचं ठरलं. ती जायला तयार नाही. पिशवी भरताना माझं आणि तिचं जुंपलं.

"तुझ्यासाठीच करतेय ना!"

"माझ्यासाठी नको करू. तू माझ्यासाठी, आईसाठी, घरासाठी म्हणून करतेस आणि माणसं घरातून जातात. धाकट्याच्या वेळीही अख्ख्या आळीला तूच सांगत फिरलीस, सायकलवरून पडला."

"पडलाच होता!"

ताईने पिशवीची चेन ओढली. "सायकल त्या आठवड्यात दुकानात होती. चाक सरळ करायला. मीच टाकून आले होते."

म्हातारपणी माणसाला काहीही आठवतं. मी वाद घातला नाही. गाडीत बसताना तिने माझा हात धरला नाही, एरवी धरते.

मंगळवार, ९ एप्रिल

घर रिकामं. गॅसचं बटण चारदा तपासलं.

जाऊ नये असं वाटतंय. साहेबांचा फोन होता. रागावले नाहीत, "सांभाळून" एवढंच म्हणाले, आणि मग, "माझी सही मी नाकारणार नाही, बाई." माणूस अखेर मी म्हणत होते तोच निघाला. मीच वेगळी निघाले.

उद्याचा शर्ट आणि काळा स्कर्ट इस्त्री केला. नोकरीतला. कंबर दोन बोटं सोडावी लागली, ती शिंपीणबाईंकडून सोडून घ्यायला हवी होती. कोणत्या तोंडाने?

बुधवार, १० एप्रिल

सविस्तर लिहिते. तसंच्या तसं.

वरच्या कोर्टाची खोली आमच्यापेक्षा मोठी, पंखे तितकेच कुरकुरे. दोघे न्यायाधीश, एक वयस्क, एक तरुण बाई. शिंपीणबाई मागच्या बाकावर, मांडीवर छोटी पिशवी. आत टूथब्रश आणि बदलायचे कपडे, ते नंतर कळलं. मला पाहून ती हसली, पडदेवाल्या बाई म्हणून. मग माझं नाव आणि हुद्दा पुकारला गेला. तिचं हसू मावळताना मी बघितलं नाही, समोर बघत राहिले.

कंत्राटदार तिसऱ्या रांगेत. त्याचा वकील उठला. "बाई, तुम्ही प्रत खरी असल्याची सही केलीत. वह्या नष्ट केल्याची सही केलीत. मग तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय?"

"तेव्हा," मी म्हटलं. "आज खोटं बोलायचं असतं तर मी घरीच बसले असते. मला तब्येतीचं कारणही सुचवण्यात आलं होतं. फळांसकट."

तरुण न्यायाधीशबाईंनी वर पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं.

मग वही हातात दिली. मी वाचायला लागले. दुकान, शटर, केस. पाच ओळींपाशी आले तसा वयस्क न्यायाधीशांनी हात वर केला. चांगला माणूस, मला लाजेपासून वाचवत होता.

"बाई, ते शब्द वगळून वाचलंत तरी चालेल. आम्ही समजून घेऊ."

"साहेब," मी म्हटलं, "मी नेमकं हेच केलं होतं."

मी वाचलं. पहिल्या अक्षरावर जोर देऊन, ताईने सांगितलं तसं.

'ए छक्क्या, बाई व्हायचंय ना तुला भडव्या? मांड्या फाक. इथेच पेट्रोल ओततो आणि इथेच लायटर लावतो. मग बघू खाली काय उरतं ते. ओरड, शटर बंद आहे. तुला जाळल्याचं कोणाला वाईट वाटणार आहे?'

न्यायाधीशांच्या खाली लघुलेखिका बसली होती. सत्ताविशीची, नखं नीट कापलेली, पाठ ताठ. दुसऱ्या शब्दाला तिची बोटं यंत्रावरून उचलली गेली. मान खाली. तो क्षण मी ओळखते. बोटांना त्या वेळी किती सभ्य वाटतं, तेही ओळखते.

मी वाचणं थांबवलं. तिच्याकडे बघत उभी राहिले. वकील खाकरला. मी हलले नाही. तिने वर पाहिलं, कानापर्यंत लाल झाली, आणि टाइप केलं. तो शब्द संपेपर्यंत थांबून मगच मी पुढचा वाचला. पाचही ओळी तशाच, एकेक शब्द. मग 'मी थरथरत होते' पर्यंत.

शेवटी मीच विचारलं, "वाचून दाखवाल?" तिने वाचून दाखवलं. सगळं. बरोबर होतं.

कोर्टाने साक्ष नोंदीत घेतली, अपील नव्याने ऐकायचं ठरवलं, तोवर जामीन कायम. पंचनाम्यातल्या बाटलीचं काय झालं, याचा खुलासा पोलिसांकडून मागवलाय. माझ्या दाखल्याबद्दल मला नोटीस येईल. येऊ दे.

बाहेर जिन्यात शिंपीणबाई भिंतीला टेकून उभी होती. माफी मागायला म्हणून मी तोंड उघडलं. तिने ऐकलंच नाही. ती माझ्या हातातल्या रिकाम्या पर्सकडे बघत होती, जणू वही अजून तिथेच आहे.

"म्हणजे मी बोलले होते, बाई," ती म्हणाली. "सगळं. शटर, लायटर, सगळं मी बोलले होते. मला वाटायला लागलं होतं, मी गप्पच बसले होते."

मग पिशवी खांद्याला अडकवून ती जिना उतरली. चार पायऱ्यांवरून वळून म्हणाली, "स्कर्टची कंबर उद्या आणून द्या. अशी उसवलेली बघवत नाही ती." मला क्षमा केली की धंदा केला, सांगता येत नाही.

ताईला आणायला गेले. टाचणीच्या आईकडे ती पत्ते खेळत बसली होती, जिंकत होती. रिक्षात तिने माझा हात धरला. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "कोणी मारलं होतं गं धाकट्याला?"

"आता विचारतेस?" ताई म्हणाली. आणि घर येईपर्यंत सांगत राहिली.

ते उद्या लिहीन, ती म्हणाली तसंच्या तसं. आज एवढंच: सायकल त्या आठवड्यात दुकानात होती.